झळ, नाजुकपणा, तग

ओगले सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जीपमधून उतरायला तयार नव्हते. एक पाय आत, एक पाय अधांतरी आणि छातीशी धरलेला टॅब. खाली बाभळीचे काटे पडले होते हे खरं. पण डोंगराच्या पायथ्याला काटे नाहीतर काय मोगऱ्याच्या कळ्या पडणार? आमच्या लिंबाजी मामांनी पायताणानं काटे बाजूला सारले, तेव्हा कुठं सर उतरले. उतरून त्यांनी डोंगराकडं पाहिलं, टॅबकडं पाहिलं, पुन्हा डोंगराकडं पाहिलं आणि दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसल्या आवाजात म्हणाले, "अरेरे. हे तर संपलंय."

मार्च महिन्याचे शेवटचे दिवस होते.

बीड जिल्ह्यातले डोंगर ज्याला माहीत आहेत, त्याला एवढ्यावरून पुढचं सगळं कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. मी वनरक्षक आहे. बालाघाटाच्या रांगेतला एक डोंगर माझ्या बीटात येतो, म्हणजे तो राखायची जबाबदारी माझी. त्याला गावात धावड्याचा डोंगर म्हणतात. धावडा, सालई, मोई, मध्ये मध्ये पळस आणि उताराला सगळीकडं सीताफळ. हे पानगळीचं रान. फाल्गुन लागला की ते अंगावरचं पानन्‌पान टाकून देतं आणि उन्हाळाभर नुसत्या काड्या घेऊन उभं राहतं. जमिनीत पाणी नाही, मग झाड पानं कशाच्या जिवावर पोसणार? आमच्याकडची शाळेचं तोंड न पाहिलेली बाईसुद्धा चैत्रातल्या सीताफळीला मेली म्हणत नाही. ओगले सरांनी मात्र सगळी नोकरी कोकणातल्या बारमाही हिरव्या जंगलात काढलेली. तिथं पान नसलेलं झाड म्हणजे मेलेलं झाड. तेवढी शिदोरी बांधून ते आमच्याकडं आले होते.

पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं त्यांना पाठवलं होतं. हवामान बदलतंय, तर कुठलं रान किती धोक्यात आहे हे त्यांना मोजायचं होतं. त्या कामाला मी हसत नाही. उन्हाळा काय होऊन बसलाय ते मला कुणी सांगायला नको. भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता ओल्या फांदीनं वणवा झोडपून बघा म्हणजे तुम्हालाही कळेल. मी हसते ते मोजायच्या मुहूर्ताला. पाहणी मार्चमध्येच का? तर सरकारी वर्ष मार्चमध्ये संपतं आणि अहवाल त्याच्या आत वर गेला पाहिजे. झाडांना ही तारीख कुणी कळवली नव्हती.

सर उंच होते, खांद्यात वाकलेले, पन्नाशी ओलांडलेले. अंगात खिशाखिशांचं बिनबाह्यांचं जाकीट. एकूण अकरा खिसे. मी मोजले, कारण पहिल्या दिवशी दुसरं काही बघण्यासारखं घडत नव्हतं. त्यांतले नऊ रिकामे. दहाव्यात पेन्सिली आणि अकराव्यात आल्याच्या वड्या. भेटेल त्याला ते वडी द्यायचे. जीपच्या ड्रायव्हरला, मला, मामांना, पाण्याला निघालेल्या बाईला, एकदा तर हुसकायला धावलेल्या मेंढपाळालाही. आणि आकडा टॅबात घालायच्या आधी तो वहीत पेन्सिलीनं लिहायचे. प्रत्येक आकड्याआधी पेन्सिलीला टोक. डोंगर बाजूलाच राहिला, आम्ही दिवसभर पेन्सिलीच्या टोकाकडं बघत उभे राहायचो.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "तीन गोष्टी, मॅडम. झळ किती, नाजुकपणा किती, तग किती." म्हणजे असं, की एखाद्या रानाला उन्हाची आणि हुकलेल्या पावसाची झळ किती बसते, बसली की ते किती लवकर मोडतं, आणि मोडल्यावर सावरायची धमक त्याच्यात किती. तिन्हींना एक ते पाच आकडे द्यायचे, ते एकत्र करायचे आणि शेवटी एकच आकडा काढायचा. एक म्हणजे रान ठणठणीत. पाच म्हणजे गेलं. मूळचे इंग्रजी शब्द जड पडतात म्हणून हे तीन शब्द त्यांनी स्वतः बसवले होते आणि त्यांचा त्यांना भारी अभिमान. मग काय, जिथं जातील तिथं झळ-नाजुकपणा-तग. टपरीवरचा कागदी कप बोटाला चटका द्यायला लागला की, "झळ चार, नाजुकपणा पाच." केजची एसटी चढावर धापा टाकायला लागली की, "तग तीन, मॅडम, तीनच्या वर नाही देता येत." मामांच्या डब्यातली ज्वारीची कडक भाकरी बघून त्यांनी नाजुकपणाला एक दिला. मामांनी त्या दिवसापासून डबा त्यांच्याकडं पाठ करून खायला सुरुवात केली.

लिंबाजी मामा म्हणजे आमचे वनमजूर. तीस वर्षं त्याच एका डोंगरावर काढलेली. बोलणं मोजकं, पण जे बोलतील ते समोरच्याला झोंबावं असं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूर्वेच्या उतारावर चढलो. सरांनी टोपी काढून घाम पुसला, एका पांढऱ्याफटक धावड्याला हात लावला आणि म्हणाले, "मृत." पेन्सिलीला टोक करायला लागले.

"कावून?" मामांनी विचारलं.

"एकही पान नाही, मामा."

मामांनी त्यांच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं. "तुमच्या डोस्क्यावर एक बी केस न्हाई. म्हून तुमी मेलाव का?"

मी स्कार्फ तोंडावर ओढून घेतला. सर चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते खो खो हसले. या माणसाचा राग धरायचीही सोय नव्हती. मामांनी मग एक बारीक फांदी ओढली आणि अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. आतून हिरवागार पापुद्रा दिसला, ओला.

"हे बगा. झोपलंय त्ये."

सर वाकले. चष्मा वर करून बघितलं, फोटो काढला, मग दुसरी फांदी स्वतःच्या नखानं खरवडायला गेले आणि नख मोडून घेतलं. मग टॅब उघडून बराच वेळ बोट फिरवत राहिले. तोंड पडलं होतं त्यांचं.

"मामा, तुमचं मला पटतंय हो. पण इथं जिवंत आणि मृत एवढेच दोन रकाने आहेत. जिवंत लिहायचं तर पानं दिसली पाहिजेत. झोपलंय असा रकानाच नाही."

"मंग करा की एक."

"मला नाही करता येत. रकाने वरून ठरून येतात."

"पानं बी वरनंच येत्यात," मामा म्हणाले. "आखाडापस्तोर थांबा की."

आषाढापर्यंत थांबायला कुणाला वेळ होता! सरांनी 'मृत' लिहिलं. त्या उतारावरच्या एकेका झाडाला हात लावत, पेन्सिलीला टोक करत, प्रत्येकाला मृत लिहीत ते संध्याकाळपर्यंत चालले. सीताफळींना 'मृत झुडूप'. या माणसाला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी गावात विचारपूस होती. लोकांना काय वाटतं हेही त्यांच्या फॉर्मात होतं. मारुतीच्या देवळापुढं सतरंजी टाकली. गावचे पुढारी अण्णा सरांच्या मांडीला मांडी लावून बसले. त्यांचा ऊस डोंगराच्या पायथ्यापर्यंत आलेला, आणि जंगलाशी त्यांचा संबंध म्हणजे दरवर्षी बांध एक हात वर सरकायचा एवढाच. सरांनी सगळ्यांना आल्याच्या वड्या वाटल्या आणि प्रश्न सुरू केले.

"गेल्या वीस वर्षांत उन्हाळा वाढलाय का? थोडा, बराच की खूप?"

"लई," सगळे म्हणाले.

"पाऊस कमी झालाय?"

"लई."

"जंगलातली फळं?"

"लई."

"लई काय? जास्त की कमी?"

सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी वडी गालात सरकवली. "साहेब, ज्याच्यानं गावाचं नाव यादीत बसतंय त्ये लिवा. आमची कायबी हरकत न्हाई."

सरांनी 'खूप' लिहिलं आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "लोकांची जाणीव किती प्रगल्भ आहे बघा." मी म्हटलं, हो सर. दुसरं काय म्हणणार? गाव असं समजून बसलं होतं की हवामान बदलाचं काहीतरी अनुदान येतंय, आणि जो जास्त रडेल त्याला ते आधी मिळेल. मी त्यांचा समज मोडला नाही. मलाही लवकर घरी जायचं होतं.

त्या सगळ्या लई-लईमध्ये एकच बाई खरं बोलली. कौसाबाई. दिवाळीच्या सुमाराला डोंगरावरची सीताफळं तोडून ती युसूफ वडगावच्या बाजारात नेऊन विकते. ती मागं उभी राहून म्हणाली, "साहेब, सीताफळाचं डोळं उघडलं की आमी त्येला तोडतो. आता डोळं उघडायच्या आदीच निम्मं काळं पडतंय. झाडावरच दगड व्हतोय त्येचा. आदी असं नव्हतं."

सर एकदम सावध झाले. "हे महत्त्वाचं आहे," म्हणाले. टॅब वर केला, खाली केला. शेवटी 'इतर' नावाच्या रकान्यात ते घातलं. त्या रकान्याला आकडा नव्हता.

चौथ्या दिवशी ते निघाले. आता जे सांगायचंय ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. जागेवर गेल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक फॉर्मवर त्या बीटातल्या वनरक्षकाची सही लागते आणि शेजारी एका साक्षीदाराची. सर जीपच्या बॉनेटवर गठ्ठा ठेवून म्हणाले, "मॅडम, अजून मजकूर भरायचाय. वहीतून उतरवतो आणि भरून पाठवतो, मग करा सही. चालेल?"

मी म्हटलं, "कशाला उगाच हेलपाटा, सर. तुमचं तुम्ही भरा. आमच्याकडं असंच असतं."

खरंच असंच असतं. पंचनामा असो, रोपांची मोजणी असो, वणव्याचा अहवाल असो; सही आधी होते, मजकूर मागाहून येतो. सतरा वर्षांत मी कोऱ्या कागदांवर इतक्या सह्या केल्यात की भरलेल्या कागदावर सही करताना हात अडखळतो. बॉनेट तापलं होतं, म्हणून गठ्ठ्याखाली मी माझा रुमाल घातला आणि पटापट सह्या केल्या. साक्षीदार म्हणून मामांना हाक मारली. मामांनी शाईच्या पॅडकडं पाहिलं आणि हात मागं बांधले.

"कोऱ्या कागदाला म्या अंगठा देत नसतो, बाई."

"मामा, जीप निघालीय. नाटकं करू नका."

"भरल्यावर सांगा. म्या हितंच हाय."

मग ड्रायव्हरनं सही केली. सरांनी मला एक वडी दिली, मामांना एक. मामांनी ती घेतली आणि बाभळीच्या खोडावर ठेवून दिली. मुंग्यांनी नेली असेल.

अहवाल आला तो मे महिन्यात. धावड्याचा डोंगर: पाच. पुढं शिफारस, की मृत झाडं हटवून चर खोदावेत आणि नव्यानं लागवड करावी. या वर्षी पूर्वेचा उतार, पुढच्या वर्षी पश्चिमेचा. हटवायच्या झाडांवर लाल पट्टे ओढायचं काम बीटाच्या वनरक्षकाकडं, म्हणजे माझ्याकडं. यादी हातात, रंगाचा डबा कोपरात. मी पट्टे ओढले. दोन दिवसांनी जेसीबी आला. त्याच्या पुढं लिंबाजी मामा. एकेका झाडापाशी थांबून फांदी ओढायची, नखानं खरवडायची आणि ड्रायव्हरला दाखवायची. "हे बग, हिरवं हाय. हे बी बग." ड्रायव्हर परभणीकडचा, बरा माणूस. म्हणाला, "मामा, मला हिरवं दावू नका. जिथं लाल पट्टा हाय त्ये काढायचं, मला येवढंच सांगितलंय." दुपारपर्यंत मामांच्या अंगठ्यातून रक्त यायला लागलं, तेव्हा मी त्यांना हाताला धरून घरी नेलं.

त्यानंतर मी ओगले सरांना जितकं धुतलं तितकं आयुष्यात कुणाला धुतलं नसेल. ऑफिसात चहा आला की कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, करा की ते ओगलेंचं." मग मी एक पाय अधांतरी धरायची, फाइल छातीशी घ्यायची आणि म्हणायची, "अरेरे. हे तर संपलंय." सगळे हसायचे. आमचे रेंजर साहेब तर डोळ्यांतलं पाणी पुसायचे. मीटिंगला बाहेरचे पाहुणे आले की साहेब मला मुद्दाम बोलावून ते करायला लावायचे. पेन्सिलीला टोक करायची नक्कल मला विशेष जमायची. कोऱ्या फॉर्मवर सही करायची नक्कल मी कधी केली नाही आणि कुणी करायला सांगितलीही नाही.

श्रावणात एका दुपारी सर आले. जीप नाही, जाकीट नाही. एसटीनं फाट्यावर उतरून चिखलातून चालत आले होते, हातात छत्री, पँट गुडघ्यापर्यंत भरलेली. काट्यांचं काही बोलले नाहीत. चौकीच्या ओट्यावर टेकले आणि टॅब माझ्यापुढं धरला. डोंगराचं वरून घेतलेलं नवं चित्र होतं. डोंगर मधोमध चिरल्यासारखा दिसत होता: पश्चिमेची बाजू गच्च हिरवी, पूर्वेची तांबडी, चरांच्या रेघोट्यांची.

"पश्चिमेचीही सगळी मी मृतच लिहिली होती," ते म्हणाले.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? की ही नवी नक्कल फार चांगली होईल.

ते वर गेले. मामा खाली बसून कुऱ्हाडीला धार लावत होते, त्यांनी मान फिरवली. मी मागं गेले, कारण एकटा माणूस चरात पडला तर पुन्हा पंचनामा माझ्याच गळ्यात. पूर्वेच्या उतारावर, उपटायचा राहून गेलेल्या एका बुंध्याच्या कडेनं चार-सहा कोवळी पानं फुटली होती. सर तिथं चिखलात बसले. त्या पानांना हात लावला नाही, नुसते बघत राहिले.

"मी चुकलो, मॅडम," ते म्हणाले. "मामांनी मला दाखवलं होतं. मी पाहिलं होतं. पाहून चुकलो."

नोकरीत कितीतरी साहेब पाहिले, पण नावामागं सर लागलेल्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो ऐकल्यावर काय करायचं असतं तेही मला माहीत नव्हतं. मी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं.

तीन दिवस ते मारुतीच्या देवळात राहिले. कौसाबाई भाकरी पोचवायची. पहिला दिवस मामा पुढं आणि सर वीस पावलं मागं. दुसऱ्या दिवशी मामांनी फांदी ओढून धरली आणि न बोलता नख कसं लावायचं ते दाखवलं; आडवं लावायचं, उभं लावलं की मोडतं. तिसऱ्या दिवशी दोघं पश्चिमेच्या उतारावर गुडघे टेकून झाडाखालचा पाला चाळत होते.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"लेकरं," मामा म्हणाले. "एक बी न्हाई. समदी म्हातारी झाडं हायत, बाई. पाऊस आला की असा येतोय की बी धुऊन नेतोय, आन् मंग महिना-महिना दडी. धा वरसात सालईचं एक रोप म्या बगितलं न्हाई."

सर वहीत लिहीत होते. टोक न करताच. "हे मार्चमध्ये लिहायला हवं होतं," ते म्हणाले. "धोका आहेच, मॅडम. पाचच आहे कदाचित. पण झाडं मेल्यामुळं नाही. आता बी धरणारी जी झाडं उरलीत ती एवढीच. पश्चिमेची ही काढली तर या डोंगरावर पुन्हा काही उगवायचं नाही."

जाताना त्यांनी तीन पानं हातानं लिहून माझ्यापुढं ठेवली. दुरुस्तीचं निवेदन. स्वतःची चूक पहिल्याच ओळीत. खाली माझ्यासाठी एक ओळ: 'मार्चमधील पाहणीच्या वेळी झाडे जिवंत होती, साल खरवडून माझ्यासमोर खात्री केली होती.' सही करायला जागा.

"संस्थेत माझं कुणी ऐकत नाही," सर म्हणाले. "ते म्हणतात, जागेवरच्या वनरक्षकाची सही आहे, मग तुम्ही एकटे कशावरून खरे? तुम्ही ही ओळ दिलीत तर पश्चिमेचं काम थांबवावं लागेल त्यांना."

मामांनी न मागता पॅड ओढलं, तिन्ही पानं बोटानं चाचपली आणि साक्षीदाराच्या जागी अंगठा उठवला. "ह्यो भरल्याला हाय," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "साहेबांना विचारून सांगते, सर."

विचारलं. रेंजर साहेबांनी निवेदन वाचलं आणि हसले. "पहिल्या कागदावर पण तुझीच सही हाय ना? कर की हितं बी. मग दोन्ही कागद घेऊन चौकशीला उभी राहा. एक खोटी कोणती त्ये तूच सांग त्यांना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दोन लेकरं हायत तुला. केजला घर बांधलंस. कशाला डोंगर डोक्यावर घेती?"

साहेबांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त मी आधीच ठरवलेलं होतं ते मोठ्यानं म्हटलं. सरांचे दोन फोन आले. पहिल्याला मी म्हटलं, साहेब रजेवर आहेत. दुसरा मी उचललाच नाही आणि नंतर रेंज नव्हती असं कळवलं. ते निवेदन माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहे. सरांची पद्धत स्वतःला लावून बघते कधीकधी: झळ एक, नाजुकपणा पाच. तगाचा आकडा मी लिहीत नाही. मला लाज वाटते, आणि ती वाटते हे इथं सांगून टाकते.

ऑफिसात आता 'ते ओगलेंचं' करा म्हटलं की मी घसा बसलाय म्हणते.

शेवटचं पाहिलं ते या फेब्रुवारीत, बीडच्या बसस्टँडवर. मी वरच्या ऑफिसातून सामान घेऊन परत निघाले होते. अंगावर खाकी, हातात डबा. स्टँडच्या कडेला एक निंब आहे, पानं झडायला लागलेली. त्याच्या पाराला टेकून ओगले सर बसले होते. मांडीवर एक कापडी पिशवी, कागदांनी फुगलेली. तेही कुठल्या तरी ऑफिसातूनच आले असणार, आणि त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं की तिथं काय उत्तर मिळालं. त्यांनी निंबाची एक खाली आलेली फांदी ओढली आणि अंगठ्याचं नख आडवं लावून खरवडली. वाकून बघितलं. मान हलवली. मग फांदी हळूच सोडून दिली.

मी रसवंतीच्या पत्र्याआड झाले.

तेवढ्यात गर्दीतून खाकी कपडे त्यांच्या दिशेनं येताना दिसले आणि सर चटकन अर्धवट उठले. पिशवीत हात घातला, कागदाचं टोक बाहेर निघालं. जवळ आल्यावर दिसलं, एसटीचा कंडक्टर होता. पुण्याच्या गाडीची आरोळी देत तो त्यांच्यासमोरून निघून गेला. सरांनी कागद परत आत सारला. शेजारी बसलेल्या एका म्हातारीच्या हातावर त्यांनी आल्याची वडी ठेवली, छत्री घेतली आणि त्या कंडक्टरच्या मागं गाडीत चढले.

गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत मी हलले नाही. मग केजच्या गाडीत बसले. डबा सांडू नये म्हणून दोन्ही पायांत धरून ठेवला. आत लाल रंग होता, पश्चिमेच्या उताराला पुरेल एवढा.